पाण्यात पडलेला कॅमेरा

फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात एक प्रसंग येतो आणि हसता हसता निघूनही जातो. नासिर शेख आणि त्याची मंडळी ‘मालेगाव का सुपरमॅन’चं चित्रण करत असतात आणि कॅमेरा पाण्यात पडतो. काम थांबतं. दुसरा कॅमेरा नाही, दुसरा आणण्याइतके पैसेही नाहीत. जो आहे तोच वाळवायचा, दुरुस्त करून घ्यायचा, आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत सुपरमॅनने घरी बसायचं. प्रेक्षक हसतात, कारण तोवर माहितीपटाने त्यांना हसायची सवय लावलेली असते. सायकलवरून घेतलेला ट्रॉली शॉट, बैलगाडीची क्रेन, हिरव्या कापडापुढे हात पसरून उडणारा काटकुळा नायक, हे सगळं बघून झाल्यावर बुडालेला कॅमेरा त्याच माळेतला आणखी एक मणी वाटतो.

मला मात्र हा त्या माहितीपटाचा कणा वाटतो. मालेगावच्या सिनेमाबद्दल गेल्या पंधरा-सतरा वर्षांत जे बोललं-लिहिलं गेलं, त्यात ‘स्वप्न’, ‘वेड’, ‘जिद्द’ हे शब्द उदंड सापडतात. ‘जुगाड’ तर हमखास. पण या सिनेमाचं यंत्र कोणतं होतं, ते कुठून आलं, बिघडल्यावर कोणी उघडलं, याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. एखाद्या कवीवर लिहिताना त्याची भाषा सोडून फक्त त्याच्या हालअपेष्टांवर लिहावं, तसं हे झालं आहे. ज्या सिनेमात पैसा नाही, स्टुडिओ नाही, नटांना वेळ नाही, तिथे यंत्राची अवस्था हाच शैलीचा पहिला नियम असतो. तो बाजूला ठेवून केलेली समीक्षा शेवटी कौतुक तरी होते, नाहीतर दया.

•

मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. मोसम आणि गिरणा या नद्यांकाठचं, दंगली आणि २००६, २००८चे बॉम्बस्फोट यांमुळेच बाहेरच्यांना ठाऊक झालेलं. आठवडाभर मागावर उभं राहायचं आणि शुक्रवारच्या सुटीला सिनेमा बघायचा, हा तिथल्या कामगाराचा शिरस्ता. फैजा खान यांचा कॅमेरा या गावात शिरतो तेव्हा तो मागांचा खडखडाट ऐकून घेतो, आणि त्याच आवाजाच्या जगात नासिरचा सिनेमा बसवतो. नायक शफीक हाही मागावरचाच. त्याला उडताना बघून आपल्याला हसू येतं, पण दिग्दर्शिका त्या हसण्याला एकटं सोडत नाही. शेजारीच पटकथाकार फरोग जाफरीचा मुंबईकडे लागलेला डोळा आहे. चालू चित्रणात नायकाचं लग्न निघतं, काम थांबतं, पुन्हा सुरू होतं. थांबणं आणि पुन्हा सुरू होणं हीच या माहितीपटाची लय आहे. वीज जाते, नट येत नाही, कॅमेरा बुडतो, आणि दर वेळी कुणीतरी उठून खटपट करतं.

मागावर काम करणाऱ्या माणसाला ही लय नवी नाही. धागा तुटतो, माग थांबतो, गाठ मारायची, माग पुन्हा चालू. दिवसभरात असं कितीदा होईल याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण तुटणं हे कामाच्या आड येत नाही, ते कामातच धरलेलं असतं. मालेगावच्या सिनेमात कॅमेरा बुडण्याला जे स्थान आहे ते या तुटलेल्या धाग्याचं. माहितीपटाने तो प्रसंग संकट म्हणून फुगवला नाही, त्यावर करुण संगीताचा वर्षाव केला नाही, यात फैजा खान यांची समज दिसते. त्यांनी तो इतर अडचणींच्या रांगेत ठेवला. प्रेक्षक त्याला विनोद समजले तर तो त्या ठेवणीचा दोष नव्हे. आपण बिघाडाला कामाचा भाग मानत नाही, म्हणून आपल्याला तो विनोद वाटतो.

•

रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला. लेखन वरुण ग्रोव्हर यांचं. नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव, फरोगच्या भूमिकेत विनीत कुमार सिंग आणि शफीकच्या भूमिकेत शशांक अरोरा. चित्रपट चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. विशेषतः त्याचा पूर्वार्ध. नासिर व्हिडिओ पार्लरमध्ये बसून मूकपटांचे तुकडे आणि हाणामारीच्या सिनेमांचे तुकडे एकमेकांना जोडतो, ते प्रेक्षकांना आवडतं, आणि मग पोलिसांची धाड पडते. दुसऱ्याचा सिनेमा जोडायचा नसेल तर स्वतःचाच काढावा, ही कल्पना त्या धाडीतून निघते. इथे चित्रपटाला एक मोठी गोष्ट कळलेली आहे. हा माणूस दिग्दर्शक होण्याआधी संकलक होता, आणि संकलक होण्याआधी तुकडे जोडणारा कारागीर.

व्हीसीआरवर संकलन करणं म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. दोन यंत्रं शेजारी ठेवायची. एकात मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यात कोरी कॅसेट ‘रेकॉर्ड’ आणि ‘पॉझ’ दाबून तयार ठेवायची. हवा तो क्षण आला की ‘पॉझ’ सोडायचा. यंत्राला वेग पकडायला क्षणभर लागतो, तेव्हा बोट क्षणभर आधी हलायला हवं. चुकलं तर मागे जाऊन पुन्हा. मधला एक तुकडा बदलायचा तर पुढचं सगळं नव्याने. आणि प्रत्येक प्रतीगणिक चित्र थोडं मरतं. लाल रंग कडेने सांडायला लागतो, चेहरे पुसट होतात, आवाजात खरखर वाढते. म्हणून अशा सिनेमात लांब दृश्यं का असतात, कट कमी का असतात, संवाद ओरडून का म्हटले जातात, याची उत्तरं नासिरच्या आवडीनिवडीत जितकी आहेत तितकीच त्या दोन यंत्रांत आहेत. ओरडलेला संवाद तिसऱ्या प्रतीतही ऐकू येतो.

‘सुपरबॉइज’ या उंबरठ्यापर्यंत येतो आणि मग वळतो. उत्तरार्धात मैत्री फुटते, श्रेय कुणाचं यावर भांडण होतं, फरोग मुंबईत अपमान गिळतो, शफीकला कॅन्सर होतो आणि मित्र त्याच्यासाठी सुपरमॅनचा सिनेमा काढतात. यातलं बरंचसं मनापासून केलेलं आहे, आणि शशांक अरोराचं काम तर विसरता येणार नाही. पण कारागिरी हळूहळू पडद्यावरून नाहीशी होते. शफीकला उडवायचं कसं, हा माहितीपटातला प्रश्न होता. शफीकने का उडायचं, हा कथापटातला प्रश्न झाला. माहितीपटात शफीकचं लग्न होतं, कथापटात तो मरणाच्या दारात आहे. एकाने बिघाड कामात धरला, दुसऱ्याने तो नियतीकडे सोपवला. कॅमेरा बुडतो तेव्हा तो पुसून वाळवता येतो. कॅन्सरपुढे फक्त रडता येतं. मुंबईच्या सिनेमाला मालेगावबद्दल सांगायची गोष्ट सापडली खरी, पण ती मुंबईच्या ओळखीची गोष्ट होती. हौशी माणसं, मोठं स्वप्न, एक मृत्यू, शेवटी टाळ्या. त्या चित्रपटात मालेगावचा कॅमेरा आहे, पण तो कपडेपटातल्या वस्तूसारखा, काळ ओळखू यावा म्हणून.

•

हा फरक केवढा मोठा आहे, हे कळायला एकदा असा कॅमेरा उघडून बघावा. माझ्याकडे एक आहे. जुना, व्हिडिओ-८ जातीचा, वर नाव एका फोटोच्या कंपनीचं. आतलं यंत्र त्या कंपनीने बनवलेलं नाही. त्या काळात हे सर्रास चालायचं. कोडॅकने १९८४ साली ८ मिलिमीटर टेपचा ‘कोडाव्हिजन’ आणला तो मात्सुशिताने बनवून दिलेला होता, म्हणजे ज्यांचा माल आपण पॅनासॉनिक म्हणून ओळखतो त्यांनी. जेव्हीसीचा १९८४चा छोटा कॅमकॉर्डर अमेरिकेत झेनिथच्या नावाने विकला गेला. बनवणारे मूठभर, नावं डझनावारी. ग्राहक नाव विकत घ्यायचा आणि यंत्र घरी न्यायचा.

दुरुस्तीला बसलं की ही गोष्ट कामाला येते. वरच्या नावाने शोधलं तर कागद मिळत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत, कारण त्या कंपनीने तो धंदा कधीच सोडलेला असतो. तेव्हा आधी याचा सख्खा भाऊ शोधायचा. बटणांची जागा, कॅसेटच्या झाकणाची ठेवण, बॅटरीची खाच, आतल्या पाटीवर छापलेले आकडे, यावरून खरा बनवणारा ओळखायचा, आणि मग त्याच्या नावाने दुरुस्तीची पुस्तिका आणि भंगारातला दुसरा नग शोधायचा. नात्यातला माणूस आडनावावरून नाही, चेहऱ्यावरून ओळखावा तसं हे काम आहे.

बाकी काम धीराचं, पैशाचं कमी. स्क्रू कागदावर काढलेल्या नकाशात त्या त्या जागी ठेवायचे, कारण लांबी सारखी दिसते आणि नसते. पातळ पट्टीच्या वायरी सरळ ओढल्या तरच सुटतात, तिरक्या ओढल्या की फाटतात. त्या काळच्या कॅमेऱ्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे बोर्डावरचे बारीक कपॅसिटर. त्यांतलं द्रव वर्षांनुवर्षं झिरपत राहतं आणि तांब्याच्या रेषा खातं. तापलेली सोल्डरिंगची कैची लागली की मासळीसारखा वास सुटतो, त्यावरून कळतं. ते काढायचे, जागा अल्कोहोलने पुसायची, नवे बसवायचे. एकेकाची किंमत काही रुपये. रबराचा रोलर कडक झालेला असतो, त्यावर टेप घसरते. आणि मग ते फिरतं डोकं, म्हणजे तिरकं बसवलेलं चकचकीत पिंप, जे आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या व्हिडिओ-८ मध्ये मिनिटाला १५०० फेरे घेतं. त्यावर धूळ बसली की चित्राच्या जागी नुसता बर्फ पडतो. ते कापसाने पुसायचं नाही, धागा अडकतो. मऊ चामड्याला अल्कोहोल लावून ते हलकेच टेकवायचं आणि पिंप बोटाने फिरवायचं. चामडं वर-खाली हलवलं की डोकं गेलं. ओलावा लागला तर कॅमेरा स्वतःच ‘ड्यू’ अशी सूचना देऊन टेप अडवून धरतो, आणि तो वाळेपर्यंत काही करता येत नाही. मालेगावच्या मंडळींनी नेमकं किती थांबून घेतलं असेल याची कल्पना त्या एका सूचनेवरून येते.

हे सगळं करून बसलं की नक्कल या शब्दाकडे बघायची नजर बदलते. ‘मालेगाव के शोले’, ‘मालेगाव का सुपरमॅन’ यांना विडंबन म्हणतात, नक्कल म्हणतात. विडंबन ते आहेच. पण विडंबन करणारा मूळ कृतीला दुरून टोचतो. नासिर ती उघडतो. ‘सुपरमॅन’ हे नाव वरचं, आतलं यंत्र अमेरिकेचं. ते मालेगावच्या विजेवर, मालेगावच्या धुळीत, मालेगावच्या बोलीत चालत नाही. मग तो एकेक भाग बदलतो. नायकाची छाती काढून तिथे यंत्रमागावरच्या माणसाची बरगडी बसवतो. खलनायकाचं जग जिंकण्याचं वेड काढून तिथे गावातल्या घाणीचा शौक घालतो. उड्डाण तेवढं ठेवतो, कारण त्यासाठीच तर यंत्र घेतलं होतं. याला मराठीत नेमका शब्द आहे, दुरुस्ती. आणि दुरुस्तीचा अर्थ पूर्ववत करणं एवढाच नाही. आपल्या घरात चालेल असं करणं, हाही तिचा अर्थ आहे.

•

इथे कोणी म्हणेल, गरिबीला कारागिरीचा मुलामा देऊ नका. बरोबर आहे. नासिरला उद्या चांगला कॅमेरा कोणी दिला असता तर त्याने बुडालेला कॅमेरा छातीशी कवटाळला नसता. अभावाचं सौंदर्य अभाव नसलेल्यालाच दिसतं. ‘जुगाड’ या शब्दावर माझा राग आहे तो याचसाठी. तो शब्द मेहनतीला चलाखी ठरवतो, आणि व्यवस्थेने जे द्यायला हवं होतं त्याचा हिशेब हसण्यावारी नेतो.

शिवाय हा शब्द सगळ्यांना लावला जात नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मला छिद्रं नसत, ती घरी अंधारात पाडावी लागत, आणि त्या कामात सरस्वतीबाईंचे हात होते. फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आते-मामे भाऊ म्हणावेत की चुलत, या तपशिलात न जाता एवढं म्हणू, की ते भाऊ होते आणि त्यांना स्वतःचा कॅमेरा जुळवायचा होता. तो जुळवण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८च्या सुमाराला कॅमेरा चालता केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. मराठी सिनेमाचा उगमच घरातल्या टेबलावर, स्क्रू-पान्यांत आहे.

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या उगमाला मान देतो. फाळक्यांच्या घरातलं सामान एकेक करून विकलं जातं, पण चित्रपटाचा सूर रडका होत नाही. नंदू माधव यांचे फाळके यंत्राकडे मुलाच्या कुतूहलाने बघतात, आणि सगळं घर त्या कुतूहलात ओढलं जातं. मोकाशींनी ‘फॅक्टरी’ हा शब्द शीर्षकात घेतला यातच त्यांची दृष्टी आहे. सिनेमा म्हणजे आधी एक कारखाना. पण हाच प्रेक्षकवर्ग फाळक्यांच्या खटपटीला ‘शोध’, ‘उद्योग’, ‘ध्येय’ म्हणतो आणि नासिरच्या खटपटीला ‘जुगाड’. एक खटपट इतिहासाच्या पुस्तकात जाते, दुसरी हसऱ्या बातमीत. दोघांनी घरच्या पैशावर, न थांबता तेच केलं. दोघांत शंभर वर्षांचं अंतर आहे हे खरं, पण शब्द बदलतो तो केवळ काळामुळे, असं मला वाटत नाही. गाव, जात-धर्म, आणि सिनेमा कुणी काढायचा याबद्दलची आपली ठरलेली कल्पना, हे सगळं त्या एका शब्दात येतं.

‘सुपरमेन’ आणि ‘फॅक्टरी’ हे दोन्ही चित्रपट एका वर्षाच्या अंतराने आले. ते शेजारी ठेवून बघितले तर दोघांची ताकद वाढते. मालेगावची मंडळी फाळक्यांची विनोदी भावंडं न राहता वारस दिसू लागतात, आणि फाळके पुतळ्यावरून उतरून पुन्हा घरातल्या टेबलापाशी येतात.

•

हे सगळं बीडमध्ये बसून लिहिण्याचं कारण आहे. बीडचा म्हणून सांगता येईल असा मालेगावसारखा सिनेमा नाही. पण कॅमेरे होते. नव्वदच्या दशकात आणि त्यापुढे लग्नाची ‘शूटिंग’ गावोगाव पोचली. खांद्यावरचा मोठा पॅनासॉनिक, हातात लखलखणारी लाईट, मागे वायर सांभाळत पळणारा पोरगा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, इथल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि पट्टा पडला की परततात. मग चैत्र-वैशाखात लग्नं. उचलीत राहिलेले, फडात कमावलेले पैसे लग्नात जातात, आणि त्यातला एक वाटा शूटिंगवाल्याला.

या कॅसेटींना कोणी सिनेमा म्हणत नाही. हळद, वरात, बँडपुढचा नाच, रुसलेला मामा, पंगत, पाठवणी, आणि चौकटीत बदामाच्या आकारात नवरा-नवरी. पण जरा विचार करा, या जिल्ह्यातल्या ऊसतोड माणसांची दुसरी चलतचित्रं कोणती आहेत? दुष्काळात चारा छावण्यांवर कॅमेरे आले. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी देशा-परदेशातले कॅमेरे आले. ते यायला हवेच होते. पण त्या प्रत्येक चित्रात माणूस कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देत उभा आहे. लग्नाच्या कॅसेटीत तीच बाई नवी साडी नेसून कॅमेऱ्याकडे रोखून बघते, कारण कॅमेऱ्याला पैसे तिच्या घरच्यांनी दिलेले आहेत. कुठे वळायचं, कुणाला आधी टिपायचं, हे तिच्या दिराने ओरडून सांगितलेलं आहे. दिग्दर्शन म्हणजे दुसरं काय असतं?

म्हणून दुरुस्तीचा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही. या कॅसेटी ट्रंकेत, माळ्यावर, पत्र्याखाली पडून आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. आणि टेपचा एक स्वभाव असा, की ज्या यंत्रावर ती भरली ते यंत्र थोडं वाकडं बसलेलं असेल, तर ती त्याच वाकड्या यंत्रावर सगळ्यात नीट दिसते. धडधाकट यंत्रावर ती थरथरते, मध्येच पांढऱ्या रेघा येतात. म्हणजे दुकानदाराने भंगारात टाकलेला जुना कॅमेरा हाच काही कॅसेटींचा एकमेव वाचक असू शकतो. तो गेला की लिपी उरते, वाचणारा उरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून सिनेमा जपला, पण वडवणीच्या वरातीची कॅसेट तिथे जाणार नाही, आणि तिथे जावी असं तिच्या मालकालाही वाटणार नाही. ती घरीच वाचवावी लागेल. कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या मदतीने, हजार-पाचशेत, अल्कोहोलच्या बाटलीने आणि चामड्याच्या तुकड्याने.

आता खानदेशात आणि मराठवाड्यात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. यूट्यूबवर मालेगावकडच्या विनोदी चित्रफिती लाखो लोक बघतात. नासिरने ज्या वेळी कॅमेरा पाण्यातून काढला त्या वेळेपेक्षा आज सिनेमा काढणं कितीतरी सोपं आहे, आणि ते चांगलंच झालं. फक्त फोन पाण्यात पडला की आपण तो उघडत नाही. तो चिकटवून बंद केलेला असतो. नवा घेतो, हप्त्यावर. त्यातली चित्रं कुठल्या तरी परक्या कंपनीच्या गोदामात असतात आणि आपण ती तिथे आहेत असं धरून चालतो. यंत्र उघडता येणं आणि कथा उघडता येणं या दोन गोष्टींचा संबंध मालेगावने दाखवून दिला होता. एक हात गेला तर दुसरा किती दिवस टिकेल, हे आज बनणाऱ्या सिनेमावर लिहिणाऱ्यांनी विचारायला हवं.

‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ पुन्हा बघणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कॅमेरा पाण्यात पडेल तेव्हा हसा, हसू येण्यासारखंच आहे ते. पण पुढच्या दृश्यांत तो पुन्हा चालू झालेला असेल, तेव्हा तो कुणाच्या तरी हातांनी चालू झाला आहे हे ध्यानात ठेवा. त्या हातांचं नाव श्रेयनामावलीत शोधत बसू नका. पडद्यावर जे दिसतं आहे, ते दिसतं आहे, हीच त्यांची सही.